डावा डोळा मिटून

खंडोबाला मी हॉटेलातलं भरीत खाऊ घातलं आहे, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा मी धुळ्याला नवी सून, वय वीस, अक्कल त्याच्या निम्मी.

आमच्या अक्का म्हणजे ह्यांच्या आत्या. अख्ख्या गल्लीचं भरीत त्यांच्या जिभेवर पास-नापास व्हायचं. आधी वाटी नाकाशी. मग चिमूटभर भरीत दोन बोटांत चोळायचं. मग डावा डोळा मिटून जिभेवर. तो उघडेपर्यंत समोरच्या बाईचा जीव टांगणीला. शेजारणीला एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "वांगाले धूर लागना नई, नुसता चटका बसना." बिचारी महिनाभर वांग्याकडे बघेना. परवा नातवंडांनी कोपऱ्यावरून पिझ्झा आणला, तर माझाही डावा डोळा आपोआप मिटला. कार्टी हसत सुटली.

मला स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडण्यापलीकडे मुभा नव्हती. चंपाषष्ठीचं भरीत जमलं तर चूल तुझी, असं अक्कांनी जाहीर केलेलं. मी नाशिकची, मॅट्रिकला पहिला वर्ग. वांग्याची ती काय मिजास? दोन किलो वांगी न टोचताच निखाऱ्यात खुपसली. ती एकामागून एक फटाफट फुटली. छताला वांगं, भिंतीला वांगं, माझ्या नव्या नथीत वांगं. घरचे सगळे देवळात. मी मागच्या दाराने पळाले, जवळच्या हॉटेलातून डबाभर भरीत आणून पातेल्यात ओतलं, भिंती पुसल्या आणि खरं वाटावं म्हणून गालाला राख फासली. एवढी हुशारी वांगी टोचताना कुठे गेली होती कोण जाणे.

नैवेद्य झाला, पानं वाढली. अक्कांनी वाटी नाकाशी नेली, भरीत बोटांत चोळलं, डोळा मिटला. मी पदराचं टोक चावत उभी. डोळा उघडला तो थेट छताकडे वळला. तिथे पुसायचं राहून गेलेलं सालपट लोंबत होतं. सगळ्यांदेखत त्या एवढंच म्हणाल्या, की सूनबाईला जमलं.

चूल मिळाली, पण मनाला टोचणी लागली. दुपारी अक्का एकट्या सुपारी कातरत बसल्या होत्या, तेव्हा पाय धरून सगळं सांगून टाकलं. त्यांनी कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली.

"खोटं बोलनी, त्यानं काही नई, पोरी. देव मना वळखना शे, मी त्याले समजाडसू. पन खोटंच बोलानं व्हतं, तं जरा चांगलं हाटेल तं देखती."