लिनक्सवर काढलेला मोर

आमच्या घरी मोराचा कोंबडा झाला. पण तो संपूर्ण कायदेशीर सॉफ्टवेअरवर झाला, एवढं सुरुवातीलाच नम्रपणे सांगते.

आई थेरगावात घरीच ब्लाऊजवर भरतकाम करते. त्यासाठी तिने कॉम्प्युटरवर चालणारी एक जुनी मशीन घेतली (अर्धा हॉल मशीनचा, उरलेला आम्हा तिघांचा). मशीनसोबत लॅपटॉप आला आणि लॅपटॉपमध्ये नक्षी बनवायचं महागडं सॉफ्टवेअर. चोरीचं! ते रोज सकाळी परवाना मागायचं. आई फुलीवर टिचकी मारून म्हणायची, "देते हो बाबा, उद्या देते."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सर सांगतात ते मी जरा जास्तच मनावर घेते. सर म्हणाले, चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं ही चोरीच. बाकीचा वर्ग हसला. मी घरी आले, लॅपटॉप रिकामा केला आणि त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी फुकट मिळणारी सिस्टीम टाकली.

"आई, आता आपलं सगळं फुकट आणि प्रामाणिक!"

"फुकट आणलंय तर प्रामाणिक कसं गं?"

याचं उत्तर सरांनी दिलं होतं, पण मला ते आईच्या भाषेत सांगता येईना. मग मी कामालाच लागले. पत्र लिहायला फुकट प्रोग्रॅम मिळाला, फोटो कापायला मिळाला. भरतकामासाठी मिळायला मात्र चार दिवस गेले. इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या एका मंचावर मी "आदरणीय महोदय" अशी सुरुवात करून दीड पानी प्रश्न विचारला. उत्तर आलं, "कुठली आवृत्ती?" ती मला माहीत नव्हती. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

आणि नेमकी तेव्हाच आईला नवरीच्या ब्लाऊजची पहिली ऑर्डर आली. गावठाणातल्या सुमनमावशींच्या मुलीचं, कोमलचं रविवारी लग्न. आत्तापर्यंत आईकडे फक्त करवल्यांचे ब्लाऊज यायचे. हे काम जमलं असतं तर गावठाणातल्या सगळ्या नवऱ्या आमच्या दारात!

"पाठीवर मोर पायजे," सुमनमावशी म्हणाल्या. "पोरगी पाठमोरी बसली तरी लोकांनी बघत ऱ्हायला पायजे. आन् कापड जपून हां, साडीतलंच हाय. दुसरं न्हाई मिळायचं."

आईच्या मोराची जुनी फाइल पेन ड्राइव्हवर होती, पण ती नव्या प्रोग्रॅममध्ये उघडेना. मग मी जुन्या मोराचा फोटो समोर ठेवून अख्खा मोर नव्याने आखला. पिसारा आणि तुरा अवघड, म्हणून ते आधी. मग मान, मग कडेची फुलं, शेवटी ठिपके. इथेच घात झाला, पण ते मला शुक्रवारी दुपारी कळलं.

आमच्या मशीनला रंग कळत नाहीत. एक भाग झाला की ती थांबते आणि दोरा बदलायची वाट बघते. कुठला दोरा कधी, याचा कागद आईने भिंतीला चिकटवला होता: लाल, सोनेरी, हिरवा, निळा.

"नवीन कागद नको का?" आईने विचारलं.

"प्रिंटर अजून लिनक्सला ओळखत नाही. पण मोर तोच आहे ना आई, मग कागद तोच चालेल."

मशीन सुरू झाली. लाल दोऱ्याने पिसारा उमटू लागला.

"अगं, लाल तर फुलांचा!"

"ते अस्तर असेल. वरून हिरवं येईल. नवीन सिस्टीम आहे, थोडा विश्वास ठेव."

आईने ठेवला. (हे मला आजही टोचतं.) तुरा लाल झाला. मान सोनेरी झाली. फुलं हिरवी झाली, आणि वरून काहीही आलं नाही! कागद जुन्या क्रमाचा होता, आधी फुलं; मी मात्र आधी पिसारा आखला होता. तेवढ्यात बाबा चाकणहून पहिली शिफ्ट संपवून आले. पाणी पिता पिता थबकले.

"कोंबडा झकास आलाय! कुठल्या हॉटेलचं काम?"

आईने मशीन बंद केली.

"चिंधीवर फर्स्ट पीस काढला होता का?" बाबांनी मला विचारलं. त्यांच्या कंपनीत पहिला पीस तपासल्याशिवाय लाइन हलत नाही.

"नाही."

"मग हाच फर्स्ट पीस!"

टाके उसवले असते तर रेशमाला भोकं पडली असती. शनिवारी सकाळी मी स्वतःच सुमनमावशींना बोलावून घेतलं. कबुलीचं भाषण वहीत लिहून ठेवलं होतं.

"ह्यो काय हाय?" त्यांनी विचारलं.

"मोर," आई म्हणाली.

"कोंबडा," बाबा त्याच क्षणी म्हणाले.

"मावशी, चूक माझी आहे. मुक्त सॉफ्टवेअर ही एक चळवळ..."

"तू गप ऱ्हा जरा." त्यांनी कापड उजेडात धरलं. त्यांचे डोळे भरले. मग खांदे हलू लागले, आणि त्या हसत हसत कॉटवर बसल्या. "आगं, जावई पोल्ट्रीवाला हाय! समद्यांना वाटंल, मुद्दाम काढलाय!"

पण आई हसली नाही. तिने निळा दोरा काढला, चष्मा लावला आणि मानेवर हाताने टाके घालायला घेतले. मग पिसाऱ्यावर हिरवे, मध्ये लाल झळकू देत. सुमनमावशी लग्नघर सोडून दोन तास दोरे कापत बसल्या. दुपारपर्यंत कोंबड्याचा पुन्हा मोर झाला, आणि असा मोर मशीनने कधीच काढला नव्हता.

मांडवात बायका नवरीच्या पाठीमागून हलेनात. आता गावठाणातून नवरीच्या ब्लाऊजची कामं येतात. सगळ्यांना हातचाच मोर हवा असतो. आई प्रत्येकीला मोठ्या कौतुकाने सांगते, "आमची पोरगी कॉम्प्युटरचं शिकतेय हो!" बायका आदराने माझ्याकडे वळून बघतात, आणि मी जीभ दातांत धरून, एक डोळा मिटून, सुईत दोरा ओवत असते.