शहापूरच्या घरातील पंगत आणि माझा उपवास

गेल्या शनिवारी मी वैशाखऱ्याहून एसटीने शहापूरला नातीकडे गेलो होतो. तेथे जे घडले, ते येथे लिहिल्यावाचून मला चैन पडणार नाही...

आमची नात तेजल शहापूरला कॉलेजात शिकते. ती हॉस्टेलवर राहत नाही. निरनिराळ्या गावांतून आलेल्या काही विद्यार्थिनींनी मिळून एक घर भाड्याने घेतले आहे, आणि त्याला ‘शिवार’ असे नाव दिले आहे. प्रत्येकीने आपल्या घरची बोली, गाणी आणि खाणे सोबत आणायचे, हीच तेथे राहण्याची अट.

दर शनिवारी एकीच्या घरचा स्वयंपाक असतो, आणि दुसऱ्या एखादीच्या घरचे वडीलधारे माणूस पंगतीला बोलावतात. ही कल्पना मला फार आवडली होती. चार लोकांत मी तिचे कौतुकही केले होते...

त्या दिवशी पाहुणा मी होतो आणि स्वयंपाक रंजनाचा होता. रंजना म्हणजे तेजलच्या खोलीतील तिची मैत्रीण. ती डोंगराकडच्या कातकरी वाडीतील आहे, हे मला तेथे पोहोचल्यावर समजले.

तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी... मला चालणार नाही असा एकही पदार्थ नव्हता. सुगंध तर थेट ओसरीपर्यंत येत होता.

आमच्याकडे भाताच्या लावणीला वाडीवरची माणसे येत. त्यांना आम्ही पोटभर वाढत असू, मात्र ओट्याखाली. त्यांच्या हातचे आपण खाण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता. आला, तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघून गेले... “आज माझा शनिवारचा उपवास आहे.”

मी शनिवार करीत नाही. कधीच केलेला नाही.

तेजलने माझ्याकडे चमकून पाहिले. रंजना मात्र लगेच म्हणाली, “मंग च्या तरी घ्या, आजोबा. च्या चालतो ना?” मी चहाही नको म्हणालो. त्यावर पलीकडे ताटे मांडणारी एक मुलगी हसून म्हणाली, “चहाला कसला आलाय उपास? मारुती काय पाळतीवर बसलाय का, आजोबा?” सगळ्या हसल्या. मीही हसलो...

मुली जेवायला बसल्या. त्यांच्या पंगतीसमोर मी खुर्चीवर ताठ बसून राहिलो. थोड्या वेळाने बसची वेळ झाल्याचे सांगून निघालो. तेजल सोडायला येत होती, तिला मीच थांबविले.

स्टँडवर आलो तोवर भुकेने जीव कासावीस झाला होता. बसला अवकाश होता. कँटीनमध्ये मिसळपाव मागविला आणि खाऊ लागलो...

तोच समोर रंजना उभी. धावत आलेली, धाप लागलेली. हातात फडक्यात बांधलेले पुडके, त्यातून वाफ येत होती.

“आजोबा, करांदे उकडलेत. आयनं रानातून हे कंद खणून धाडलेले. उपासाला चालतात, मीठ पन येगळं...”

एवढे बोलून ती थांबली. तिची नजर माझ्या ताटलीवर गेली होती. तर्रीत बुडविलेला पाव माझ्या हातात तसाच होता.

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती हळूच म्हणाली, “भूक लागली व्हती तर सांगायचं ना, आजोबा...” मग ते पुडके ओढणीआड धरून ती वळली आणि निघून गेली. मला तिला हाक मारता आली नाही. काय म्हणून मारणार होतो?

घरी आल्यावर आमच्या मंडळींना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “जेवला नाय ते नाय. त्या पोरीपुढं खोटा उपास काढलात, तो कशाला?”  मग त्यांनी मला ताट वाढले.

रात्री तेजलचा फोन आला. “आजोबा, रंजू करांदे घेऊन धावली, पण तुमची बस निघून गेलेली. तिला फार वाईट वाटतंय.”

म्हणजे मुलीने घरात कोणाला काही सांगितलेच नव्हते. माझी लाज तिने झाकली होती... माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले आहे, परंतु माझ्या खोट्यासाठी एका लेकराने खोटे बोलावे, हे मला सहन झाले नाही. फोनवरच मी तेजलला खरे काय ते सांगितले.

 ती म्हणाली, “आजोबा, आम्ही दोघी एका ताटात जेवतो. मी आता तिला काय सांगू?” 

‘शिवार’मधील मुली माझ्या पोस्ट वाचतात, म्हणून हे येथे लिहीत आहे. रंजना, बाळ, माझी बस निघून गेलेली नव्हती. माणूस म्हणून मीच कमी पडलो. तू मला क्षमा करावीस असा आग्रह मी धरणार नाही. तुझ्या आईने रान खणून जे पाठविले, त्यास मी पात्र नव्हतो.

काल तेजलचा पुन्हा फोन आला. पुढच्या पंगतीला आमच्या घरचे माणूस पुन्हा बोलावले आहे... “या वेळी आजीला पाठवा,” एवढेच ती म्हणाली.

मंडळींनी लुगडे काढून ठेवले आहे. मी त्यांना शहापूरच्या स्टँडपर्यंत पोहोचवीन आणि तेथूनच मागे फिरेन. बोलावणे त्यांना आहे... आणि ते योग्यच आहे.