उपड्या टोपल्यांची शाळा

माझ्या धाकट्या भावाच्या सासूबाईंनी आयुष्यात कोणालाही काही शिकवलं नाही, आणि त्यामुळेच त्यांची शाळा सातासमुद्रापार गेली. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. शिकवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. नव्वदच्या दशकात वसईतल्या नव्या इमारतींमध्ये ‘बालकेंद्री’ हा शब्द केबल टीव्हीच्या बरोबरीने घरोघर पोचला होता. परदेशात म्हणे मुलांना बाकावर बसवत नाहीत, परीक्षा घेत नाहीत, सगळं त्यांच्या कलाने घेतात. आमच्या सोसायटीत यावर एक व्याख्यान झालं. वक्त्यांनी मागे दंगा करणाऱ्या मुलांना आधी गच्चीवर पिटाळलं आणि मग मुलाला केंद्रस्थानी कसं ठेवावं ते दीड तास समजावून सांगितलं. मी भावाच्या सासूबाईंना मुद्दाम घेऊन गेलो होतो. वसईजवळचं त्यांचं सगळं गिरीज गाव त्यांना काकी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. परतताना त्या काळजीच्या सुरात म्हणाल्या, “दादा, माझं चुकतंय की काय? मी पोरांना मध्ये नाय ठेवत. मध्ये केळी. पोरं कडेकडेनं, चिखल असतो तिथं.”

काकी सातवी पास. वाडी केळीची, मधूनमधून नारळ, कडेला भाजी. आसपासच्या बायका सकाळी भाजीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघत आणि जाताना पोरं काकींकडे सोडत. काकींना वाडीला पाणी द्यायचं असे आणि पोरं पायांत येत. तेव्हा त्यांनी पोरांना कामाला लावलं नाही, हे त्या बजावून सांगतात. फक्त अडवलं नाही. ही झाली त्यांची संपूर्ण शिक्षणपद्धती. केळीचे घड ठेवायची पत्र्याची पडवी हा वर्ग. तिथली जमीन बारमाही ओली, म्हणून पोरं उपड्या टोपल्यांवर बसत. शाळेला घंटा नव्हती. वीज आली, विहिरीवरचा पंप सुरू झाला, की शाळा भरे. पाणी शेवटच्या केळीच्या आळ्यात पोचलं की सुटे. वीज नसली तर गाणी, गोष्टी, घड मोजणं आणि भांडणं हे विषय होत. भांडण हा विषय काकी फार गांभीर्याने घेत. “पुरं होऊ द्या,” म्हणत, “अर्धं सोडलं की घरी नेतात.”

या शाळेत एकच नियम होता. रोज एका पोराची पाळी. त्या दिवशी पाट त्याचा. पाणी कुठल्या ओळीला आधी वळवायचं, कुठे बांध घालायचा, कुठे फोडायचा, हे तोच ठरवणार आणि दुसऱ्या कोणीही, खुद्द काकींनीसुद्धा, फावड्याला हात लावायचा नाही. एकदा चार वर्षांच्या एका पठ्ठ्याने सगळं पाणी कोपऱ्यातल्या एका लिंबाला दिलं. का, तर ते एकटं आहे म्हणून. केळी माना टाकून उभ्या, लिंबाभोवती तळं, आणि काकी पाठीमागे एका हाताने दुसरा हात घट्ट धरून बघत राहिलेल्या. मी म्हटलं, “अहो काकी, थांबवा त्याला!” तर म्हणाल्या, “उद्या दुसऱ्याची पाळी हाय. केळीला ठावं हाय ते.”

वसईचा किल्ला बघायला आलेली डेन्मार्कची एक मुलगी सायकल पंक्चर झाली म्हणून या वाडीत पाणी मागायला शिरली आणि तीन महिने राहिली. तिचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून काकी तिला तिच्या देशाच्याच नावाने हाक मारत. “ए डेनमार्क, पानी आलं, ऊठ!” ही हाक मी स्वतः ऐकली आहे. एका स्वतंत्र राष्ट्राला इतक्या अधिकाराने कोणी उठवलं असेल असं वाटत नाही. ती मुलगी दिवसभर पोरांबरोबर चिखलात असायची आणि संध्याकाळी वहीत काहीबाही लिहायची. काय लिहिते, ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमची मुलगी सई या शाळेत दोन वर्षं होती. मग पहिलीच्या प्रवेशाची वेळ आली आणि आम्ही तिला नव्यानेच निघालेल्या एका शाळेत मुलाखतीला नेलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, “बेटा, केळ्याचा रंग कोणता?” सईने विचारलं, “कुठल्या दिवशीच्या?” मुख्याध्यापकांनी कागदावर लिहिलं : रंगांची ओळख नाही. प्रवेश नाकारल्याची बातमी संध्याकाळच्या आत चारही मजले फिरून आली. काकींकडे तेव्हा एकोणीस पोरं होती. आठवड्याभरात त्यांतल्या आमच्या इमारतीतल्या सात जणांचे पालक ‘बघतो, कळवतो’ म्हणू लागले. काकींनी ते हसण्यावारी नेलं, पण सईचं कळल्यावर मात्र पडवीत टोपलीवर बसून राहिल्या. “दादा, माझ्यापायी पोरीचं वरीस गेलं तर मी हे बंद करनार,” म्हणाल्या. “केळी मला पुरतात.” ते खोटं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. खोलीत कप आणि ढाली अशा मांडल्या होत्या की माणसाला आपण हरलोच आहोत असं वाटावं. काकी म्हणाल्या, “सर, चूक पोरीची नाय, माझी हाय. एकदा वाडीत येऊन बघा, मग काय लिवायचं ते लिवा.” गृहस्थ शनिवारी खरंच आले. टाय, कडक इस्त्री, चकचकीत बूट, हातात फाइल. पाळी नेमकी सईची होती. वीज आली, पंप घरघरला, आणि पाणी पाटातून निघालं. मुख्याध्यापक बरोबर पाटात उभे होते.

“सर, तुम्ही पाटात उभे आहात,” सई म्हणाली.

“हो हो,” असं म्हणून ते तिथेच उभे राहिले. मुख्याध्यापकांना बाजूला व्हायची सवय नसते.

सईने काकींकडे पाहिलं. काकी नारळाच्या झाडाकडे पाहू लागल्या. मी पुढे व्हायला निघालो, तर त्यांनी न बघताच माझा सदरा मागून धरला. मग सईने फावडं उचललं, सरांच्या अलीकडे बांध फोडला, त्यांना वळसा घालून पाणी पलीकडे नेलं आणि कामाला लागली. सरांचं बेट झालं. पोरं खिदळली. सरांनी पाण्याकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि बूट काढून हातात घेतले.

“किती पाणी पुरे, हे तुला कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही. आळ्यातला पाला तरंगला की पुरे.”

त्यानंतर तासभर ते बूट मांडीवर घेऊन एका उपड्या टोपलीवर बसले होते. फाइल उघडली नाही. सईला प्रवेश मिळाला. त्यांनी आपल्या शाळेत मात्र तसूभरही बदल केला नाही. तशी अपेक्षा व्याख्यानांत असते. पण जूनमध्ये एका सकाळी ते मागच्या कुंपणाने वाडीत आले, सोबत नातू. तो बालवाडीच्या फाटकाशी रोज ओकत असे. “कोणाला सांगू नका,” ते म्हणाले. काकींनी शब्द पाळला. फक्त मला सांगितलं. मी इमारतीत चारही मजल्यांवर सांगितलं. डळमळणारे सातही पालक मुकाट्याने परत आले.

ती शाळा पुढे सात-आठ वर्षं चालली. मग पिवळ्या बसगाड्या थेट वाडीच्या तोंडाशी येऊ लागल्या, बाजाराला जाणाऱ्या बायका कमी झाल्या, काकींचे गुडघे गेले. पोरं पाचावर आली, दोनावर आली, आणि एका जूनमध्ये कोणीच आलं नाही. कोणी बंद केली नाही. पाणी जसं शेवटच्या आळ्यात जिरतं तशी जिरली.

त्यानंतरच्या डिसेंबरात डेन्मार्कहून पाकीट आलं. त्या मुलीने तिकडे शाळा काढली होती, आणि तिचं पाहून शेजारच्या देशांत आणखी दोघींनी. सोबत फोटो होता. खिडकीबाहेर बर्फ, आत लाकडी जमीन, त्यावर गालिचा, आणि गालिच्यावर गोऱ्यागोमट्या पोरांची ओळ उपड्या टोपल्यांवर बसलेली. पत्रात लिहिलं होतं की, गिरीजच्या पद्धतीत टोपलीला फार महत्त्व आहे. मूल त्यावर स्थिर होतं.

मी पोट धरून हसलो. काकींनी चष्मा लावून फोटो जवळ नेला, लांब नेला. “टोपल्या उपड्या कशाला? तिथं ओल हाय का?” मी सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, “थांबा, आजच लिहून कळवतो त्यांना, की जमीन कोरडी असेल तर टोपल्यांची गरज नाही.”

काकींनी फोटो पुन्हा जवळ ओढला. बोटाने एकेक करून पोरं मोजली. एकोणीस भरली.

“नको दादा,” त्या म्हणाल्या. “बसलीत ना पोरं? उठवू नका त्यांना.”