कडू चॉकलेटचा साहेब

"वाजलं?" चॉकलेटचा तुकडा समोरच्याच्या कानाशी कट्‌कन मोडून तो विचारायचा. "वाजलं म्हणजे अस्सल. जिभेवर ठेवा, चावू नका. मेंदूपर्यंत पोचू द्या."

नवघरला आमच्या समोरच्या दारात राहायचा. आता तिथं दुसरं कुणी आहे. हा कुठल्याशा कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, मुंबईतली खोली विकून इकडे आलेला. सगळे त्याला साहेब म्हणत, तोंडावर मीही म्हणे. पण लिहिताना माझा हात काही अहोजाहोकडे वळत नाही. राग म्हणा, काही म्हणा.

काळं कडू चॉकलेट खाल्लं की मूड सुधारतो आणि डोकं तल्लख होतं, असं त्यानं मोबाइलवर कुठंतरी वाचलं होतं. असेलही बाई. मी काही फार शिकलेली नाही, मी कशाला नाही म्हणू? पण एकदा वाचलं आणि हा झाला डॉक्टर! लिफ्ट बंद पडली, घ्या चॉकलेट. पाणी आलं नाही म्हणून बायका तणतणतायत, घ्या चॉकलेट. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा भेटायला आला तो खिशात हात घालूनच. "ताई, रडून काय होणार? हे घ्या, मूड सुधारेल." मी रडायची थांबले ती रागानं. त्याला वाटलं, गुण आला!

तारोडीहून मासळी घेऊन येणारी कोळीण तेवढी त्याला पुरून उरायची. तिनं तुकडा तोंडात टाकला आणि जिन्यातल्या कुंडीत थुंकून टाकला.

"ह्यानं डोकं चालतंय?"

"चालतं ना! मी रोज खातो."

"मंग दादा, तुमचं का न्हाय चालत?"

आम्ही बायका तोंडं फिरवून हसलो. हा आपला म्हणतो, "हिला सवय नाही कोकोची."

इथवर गंमत होती. वहिनींच्या बाबतीत मात्र गंमत नव्हती. त्याची बायको विसरायला लागली होती. आधी गॅस बंद करायला, मग वार, मग माणसं. आणि हा रोज चारच्या चहाला, माझ्यासारख्या शेजारणींसमोर, तिची परीक्षा घ्यायचा.

"आज वार कोणता?"

वहिनी गाऊनचं बटण चाचपत बसायच्या.

"मुलगा कुठे असतो आपला? बरं, मी कोण?"

"तुम्ही... सोसायटीचे का?"

वर्गात सगळ्यांदेखत उभं केलेल्या पोरीसारखं तोंड व्हायचं त्यांचं. मग हा मोठ्या थाटात तुकडा मोडायचा. वहिनींचे दात हलत होते, म्हणून बोटांत धरून मऊ करायचा आणि भरवायचा. ओघळ आला तर आपल्या रुमालानं टिपायचा. एवढं बाकी मी त्याच्या पदरात टाकते. मग चॉकलेट मेंदूपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा हात हातात घेऊन बसायचा. नुसतं कसं बसणार, म्हणून बोलायचा. आज गुरुवार, मुलगा पुण्याहून फोन करणार, आपल्या लग्नात तुझे मामा मांडवातच कसे झोपले होते. वहिनी खुदकन हसायच्या. अर्ध्या तासानं पुन्हा तेच प्रश्न.

"गुरुवार. पुण्याला. आणि तुम्ही? तुम्ही आमचे हे."

"बघितलंत ताई? कोको!"

आता तुम्हीच सांगा, सगळी उत्तरं ह्यानंच बोलता बोलता सांगितलेली! हे कळायला काय कॉलेजात जावं लागतं?

पुढे वहिनींची झोप उडाली. डॉक्टरांनी चॉकलेट बंद करायला सांगितलं. त्या दिवसापासून चार वाजले की हा टीव्हीसमोर. मी म्हटलं, "साहेब, चॉकलेट नाही तर नाही. तसेच बसा ना त्यांच्याजवळ. बोला."

"नुसतं बोलून काय होणार, ताई?"

नुसतं म्हणे! मी घरी येऊन भांडी आपटली.

वहिनी गप्प गप्प होत गेल्या. एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. बाहेरच्या खोलीत टीव्ही बोंबलत होता. वहिनींनी माझा हात धरला, मला खाली ओढलं आणि कानाशी म्हणाल्या, "ताई, ते गृहस्थ हल्ली येत नाहीत का गं?"

"कोण हो?"

"चार वाजता यायचे ते. हात धरून बसायचे. किती छान बोलायचे गं. माझं काही चुकलं का?"

मी तशीच फणी हातात घेऊन बाहेर गेले, टीव्हीच्या आडवी उभी राहिले आणि त्याला शब्दन् शब्द सांगितला. त्यानं आवाज बंद केला. चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा उठतोय. खरंच वाटलं हो.

"बघा," तो हळूच म्हणाला, "तरी मी डॉक्टरांना सांगत होतो, बंद करू नका."

आत वहिनी अर्धवट विंचरलेल्या केसांनी दाराकडे बघत बसल्या होत्या.