वांग्याच्या वाफ्यातला आवाज

जिवंतपणी सांगितलेल्या वेळेला न येणारी माणसं मेल्यावर कशाला परत येतील, असं माझं साधं मत होतं. आजही जवळपास तेच आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी ठाकुर्लीला राहायचो; थोरला भाऊ आणि वहिनी खडवलीला, शेतावर. तिकडे फोन नव्हता. माझ्याकडे हौशी रेडिओचं लायसन्स होतं, म्हणून दादाच्या वांग्याच्या वाफ्यात दोन सळ्या रोवून छोटा ट्रान्समीटर बसवला. माती सुकली की माझ्या रिसीव्हरवर आवाज बारीक व्हायचा, भिजली की जाड. उद्घाटनाला सरपंच आले. फितीसोबत एरियलची वायरही कापून गेले.

दादाची पाणी द्यायची तऱ्हा त्याची एकट्याची. आधी थोडं पाणी सोडायचं, मग बांधावर बसून विडी, मग वाफा भरायचा. त्यामुळे आवाज अर्ध्यावर उतरून थांबायचा… मग तळाला जायचा.

"भाऊजी, माती सुकली हे ह्यांना पायाखाली कळतं," वहिनी म्हणायची. "तुम्हाला ठाकुर्लीत कळून काय उपयोग?"

उपयोग एवढाच, की दादा बरा आहे हे कळायचं.

तो हिवाळ्यात गेला. मी सळ्या, ट्रान्समीटर, बॅटरी सगळं घरी आणलं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी रिसीव्हर सहज लावला, तर तोच बारीक आवाज. मी वायरी तपासल्या, शेजारचा मिक्सर बंद करवला. आवाज अर्ध्यावर उतरला. थांबला. ट्रान्समीटर माझ्याच टेबलाखाली होता, बॅटरी सुटलेली. विडीएवढा वेळ गेला… आणि आवाज सावकाश तळाला गेला.

रविवारी खडवलीला जाऊन वहिनीला सांगितलं. ती भांडी घासत होती.

"वाफा तर कोरडा आहे," मी म्हणालो.

"मग ह्यांनी पाणी दिलं कुठे?" तिने विचारलं. मग हात धुऊन म्हणाली, "मला ऐकायला मिळेल?"

त्यानंतर ती दर रविवारी ठाकुर्लीला येऊन रिसीव्हरसमोर बसायची. नुसती खरखर. आवाज पुन्हा कधीच आला नाही. तो का आला, हे मी पुस्तकांत शोधलं, जाणकारांना विचारलं; उत्तर अजून नाही. ज्याचा विश्वास नव्हता त्याला ऐकू आला, आणि जी वाट बघत होती तिला नाही, याचंही उत्तर नाही.

एका रविवारी दिवेलागणीला ती म्हणाली, "बंद करा, भाऊजी. माझ्या गाडीची वेळ झाली."

मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या गाडीने जाते."