चिंधी बांधलेली कणसं

निजामाची राजवट जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यात आले. माझे वडील जालन्याला कंपाउंडर. उपासना, गाणी, बायबल मला तोंडपाठ. शेतीत मात्र मी अगदीच ढ. पण ते कबूल करायला मी कसली तयार!

सासरी नवं धान्य देवापुढं ठेवल्याशिवाय चुलीवर चढत नसे. सुगीत देवाचे आभार मानायच्या, उपकारस्तुतीच्या रविवारी घराघरांतून पहिली कणसं, भोपळे, अंडी गावच्या ख्रिस्ती देवळात यायची, आणि उपासना झाली की गरजूंच्या घरी जायची. त्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, शाळवाची कणसं घेऊन थेट देवळात ये. चांगली बघून घे, देवाला द्यायचीत."

शेतात ज्वारीच्या काही ताटांना लाल चिंध्या बांधलेल्या. कणसं कशी, मुठीत न मावणारी! मला वाटलं, किती भाविक माणसं ही, देवाचा वाटा आधीच खूण करून ठेवलाय. मी एकूण एक कापली, चिंध्यांसकट, आणि टोपली सजवून देवळातल्या मेजावर ठेवली.

गाणं सुरू झालं आणि सासऱ्यांचा आवाज मधेच बंद पडला. देवळात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. त्यांची नजर टोपलीवर खिळली होती.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "अगं, ते बियाणं व्हतं! पुढच्या सालची पेरणी कापलीस तू. उरलेल्या शाळवाला काणी लागली, दाण्याची काळी भुकटी झाली, म्हणून ह्यांनी शेतभर हिंडून निरोगी कणसं निवडल्ती."

मी परत देवळात धावले. टोपली तर एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी गेली होती. मी परत मागून आणते म्हणाले, तर सासरे एवढंच बोलले, "देवाला दिलेलं माघारी मागायचं न्हाई." पुढं कितीतरी महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पोळा झाला, जमिनीत ओल होती, घरात बी नव्हतं. एके सकाळी ती म्हातारी मडकं घेऊन दारात आली. उन्हाळ्यात तिची चूल कितीदा थंड होती, हे गावाला ठाऊक होतं.

"चिंधी बघितली आन् वळखलं, हे खायचं न्हाई. राखेत घालून ठेवलं व्हतं," ती सासऱ्यांना म्हणाली. "आधी आणलं असतं तर तुमी घेतलं नसतं, दादा. आता पेरणीची घात हाय. आता कसं न्हाई म्हणता?"

सासऱ्यांनी मडकं दोन्ही हातांनी घेतलं आणि उभ्या उभ्या प्रार्थना केली. आमेन म्हणायच्या आधीच ते मडक्यात डोकावले. ओल, ऊन, बी सगळं देव आपापल्या वेळेला पाठवतो, आणि मधे कुणी शहाणी सगळं कापून बसली, तर दुसऱ्या कुणाच्या मडक्यात राखूनही ठेवतो. त्याचे आभार मी आजही मानते.

मग सासरे माझ्याकडं वळले. "सूनबाई, तिफणीच्या चाड्यावर मूठ तू धर, बी तू सोड."

"मला येत नाही, मामंजी." पहिल्यांदाच मी हे तोंडानं म्हणाले.

"शिकवतो ना म्या."

मुठीतून बी भसाभस सुटत होतं. ती पहिली ओळ दाट, वेडीवाकडी उगवली, पण सासऱ्यांनी कुणाला ती विरळ करू दिली नाही. पुढच्या उपकारस्तुतीला त्याच ओळीतली कणसं देवळात नेली. आधी त्यांना विचारून.