पुटचे सगळे डाव

फ्रिजच्या दारावर तीन रकान्यांचा तक्ता लावला तेव्हा मला वाटलं, झालं काम. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात बरोबरची खूण करायला जागा. गॅसची नोंदणी, सणाचं सामान, पाहुण्यांची जेवणं, घरातलं सगळं मी असंच मार्गी लावते. इंग्रजीच्या एका क्रियापदाची ती काय कथा!

तक्ता होता माझ्या धाकट्या जावेसाठी. नायगावच्या आमच्या जुन्या चाळीत तळमजल्याच्या खोलीत बालवाडी भरायची आणि ती तिथली बाई होती. टॉवरसाठी चाळ रिकामी झाली, आम्ही जवळच्याच ट्रान्झिट इमारतीत आलो, बालवाडीची मुलं चारी दिशांना पांगली. तेव्हापासून ही घरात. डाळ निवडता निवडता डाळीशीच बोलायची, "चला, रांग करा." मग माटुंग्याच्या एका प्लेस्कूलमध्ये जागा निघाली. तिथल्या मोठ्या बाईंना ही आवडली. पण त्या म्हणाल्या, इथे मुलांशी इंग्रजीतच बोलावं लागतं, शुक्रवारी एक तास घेऊन दाखवा.

"नाही जमलं तर मसाल्याच्या पॅकिंगला जाईन, ताई," ती मला म्हणाली. "पैसे तिथेही मिळतील. पण मुलांशिवाय मला दिवस सरत नाही हो."

म्हणून तक्ता.

रंग, फळं, प्राणी तिला पाठ होते. गाडी अडली 'पुट'वर. लहान मुलांच्या वर्गात दिवसभर त्याच शब्दाचं राज्य असतं, हे मलाही लिहायला बसले तेव्हाच कळलं. बूट घाला, पुट ऑन. हात वर करा, पुट अप. ठोकळा खाली ठेवा, पुट डाऊन. खेळणी आवरा, पुट अवे. जिथलं तिथे ठेवा, पुट बॅक. तुकडे जोडा, पुट टुगेदर. आपण घालतो, ठेवतो, आवरतो, जोडतो, दर कामाला वेगळं क्रियापद. इकडे एकच 'पुट' आणि मागे शेपूट बदलायचं.

सासूबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. "एकाच पातेल्यात चहा, भात आणि मटण," त्या म्हणाल्या. "भांडी कमी असणार बिचाऱ्यांकडे."

जावेने तक्ता तोंडपाठ केला. वरून खाली विचारा, घडाघडा. मधूनच विचारा, की झाली गडबड. मी म्हटलं, "मुलगा खेळणी पसरून बसलाय. काय म्हणशील?"

"पुट ऑन द टॉईज."

"अंगात घालायची आहेत का?"

"पुट ऑफ?"

"ते पुढे ढकलणं."

"मग ढकलूया ना, ताई. शुक्रवारच ढकलूया."

मी तक्ता लाल-निळ्या रंगात पुन्हा लिहिला. काही फरक नाही. ठळक अक्षरांत लिहिला. तो फ्रिजवर चढायच्या आधीच तिने त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली.

त्याच दिवसांत जयंतीच्या मिरवणुकीसाठी लेझमीचा सराव सुरू होता. इमारतीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी आम्ही बायका जमतो. सासूबाईंच्या तोंडात शिट्टी. त्यांचा नियम कडक: डाव सुरू झाला की शेवटच्या शिट्टीपर्यंत मोडायचा नाही. घरात दूध उतू जावो, दारात पाहुणा येवो, वर्तुळ सोडायचं नाही. मला दोन्ही गुडघ्यांनी रजा दिली असल्यामुळे मी बाजूला बसून सगळ्यांचे मोबाइल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळते. आणि तिथे बसून मी पाहिलं, की घरी एका शब्दाला अडखळणारी ही बाई इथे एकही पाऊल चुकत नाही. सासूबाईंनी कुठलाही डाव कधीही पुकारावा, शिट्टी वाजायच्या आत हिचं अंग वळलेलं.

सासूबाईंनीही ते पाहिलं असणार. शिट्टी काढून त्या माझ्याकडे वळल्या. "तुझा तो फ्रिजवरचा कागद आण खाली. डोक्यात जात नाही ना? मग पायात घालू."

मी लिफ्टची वाटही पाहिली नाही.

पुढचा तास आम्ही सगळ्या वेड्या झालो होतो. पुट अप, लेझीम डोक्यावर. पुट डाऊन, गुडघ्याशी. पुट ऑन, खांद्यावर. पुट अवे, गिरकी घेऊन दोन उड्या मागे. पुट बॅक, परत जागेवर. पुट टुगेदर, सगळ्यांनी आत धावायचं आणि मध्यभागी लेझमी एकमेकींना भिडवायच्या. पुट ऑफ, दोन्ही हातांनी लेझीम समोर ढकलायची. मी तक्त्यातून ओरडायची, सासूबाई शिट्टी फुंकायच्या, हलगी कडाडायची. हसून हसून एकीच्या पदराची पिन उडाली, दुसरीला उचकी लागली, पण वर्तुळ कोणी सोडलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे काका खिडकीत आले. "अहो, कान फुटले! आजची प्रॅक्टिस पुट ऑफ करा!"

अख्ख्या वर्तुळाने त्यांच्या दिशेने लेझीम ढकलली. छण्ण! काकांनी खिडकी लावून घेतली.

तक्त्यात शेवटी एक उरलं होतं, पुट अप विथ. मुलांसाठी नव्हतं ते, मोठ्या बाईंसाठी लिहिलं होतं. त्या बोलण्यात वापरतील म्हणून. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे काय?"

"सहन करणं, आई."

त्यांनी क्षणभर विचार केला. "त्याला कसली उडी? लेझीम छातीशी घट्ट धरायची आणि जागचं हलायचं नाही." मग म्हणाल्या, "तेवढं आपल्याला शिकवायला नको."

पुन्हा सगळ्या हसल्या. हलगीवालीही थांबून हसली.

शुक्रवारी मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून जावेबरोबर माटुंग्याला गेले. मला वर्गाबाहेर, काचेच्या दाराशी, गुडघ्याएवढ्या खुर्चीवर बसवलं. आत मोठ्या बाई एका कोपऱ्यात, चटईवर मुलं आणि मधे ही, इस्त्रीच्या साडीत, काठीसारखी ताठ. गुड मॉर्निंग झालं. चित्रातला हत्ती झाला. तोपर्यंत ठीक. मग मोठ्या बाई कोपऱ्यातूनच सहज म्हणाल्या, मुलांनो, ठोकळे पुट अवे करा.

मुलांनी काय केलं ते मला दिसलंच नाही. जावेने ऐकलं मात्र, गिरकी घेतली आणि दोन उड्या मागे मारल्या. मागे कागदी फुलपाखरांची माळ होती. ती तुटून हिच्या अंबाड्यावर आली.

मी खुर्चीतून उठले, म्हणजे उठायला गेले. खुर्ची माझ्याबरोबर आली.

आत मुलं आ वासून बघत होती. हिचा चेहरा पडलेला, केसांत फुलपाखरं. मला वाटलं, गेलं. मसाल्याचं पॅकिंग. तेवढ्यात चटईवरची एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, "अगेन!"

जावेने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काचेतून दोन्ही हात वर केले, मागे खुर्ची लटकलेली.

"पुट अप!" ती म्हणाली. पार्किंगमधला आवाज होता तो, माटुंग्याचा नाही. सगळे हात वर. पुट डाऊन, सगळे खाली. पुट अवे, आणि पोरं गिरक्या घेत, पडत, धडपडत ठोकळे टोपलीत टाकून आली. टोपली नाचत नाचत फळीवर गेली. पुट टुगेदर म्हटल्यावर मात्र सगळी एकदम हिच्या अंगावर धावली. एक जण चेंगरून भोकाड पसरून रडायला लागला, एकाने हिचा पदर तोंडात घातला. तेव्हा ती हलली नाही. रडणाऱ्याला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि तशीच उभी राहिली, तो गप्प होईपर्यंत. कुठला डाव चाललाय ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मोठ्या बाईंनी फुलपाखरांची माळ उचलली, घडी केली आणि म्हणाल्या, "संध्याकाळी फोन करून कळवते." चेहऱ्यावरून काही कळेना. बसमध्ये जाऊ अंबाड्यातून फुलपाखरांचे कपटे काढत बसली. दादरला म्हणाली, "माळ नवीन करून द्यायला पाहिजे त्यांना." एवढंच.

संध्याकाळी तिला घरी बसवेना. सासूबाई म्हणाल्या, "फोन काय वरच येतो का? चल खाली." तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि वर्तुळात शिरली. शिट्टी वाजली. डाव सुरू झाला, चांगला लांबलचक, जुना. आणि डाव ऐन रंगात असताना फोन वाजला.

तिने वाजताना पाहिलं. पाय थांबले नाहीत. थांबता येतच नव्हतं. सासूबाई समोर, वर्तुळ फिरतंय, तिचं तोंड दर फेरीला माझ्याकडे वळायचं आणि परत जायचं. मी एक कान बोटाने बंद करून मोठ्या बाईंचं बोलणं ऐकलं. जून, पगार, गणवेश, सगळं ऐकलं आणि धन्यवाद म्हणून फोन ठेवला. आता हिला सांगायचं कसं? हलगी कानठळ्या बसवतेय, हात हलवले तर कळणार नाही, आणि डाव संपायला अवकाश. ती पुन्हा समोर आली. डोळे एवढे मोठे.

मी उभी राहिले आणि छातीतून ओरडले, "पुट अप!"

त्या डावात तिथे ते नव्हतंच. पण अंग ऐकतं. सगळ्या लेझमी एकदम वर गेल्या, झणकन, आणि हलगी अडखळून थांबली. सासूबाईंच्या तोंडातून शिट्टी गळून पडली.

"मधेच कोण ओरडलं गं? डाव मोडलास!"

"आई, लागली ती! जूनपासून!"

जावेची लेझीम अजून डोक्यावर होती. खाली घ्यायचं तिला सुचतच नव्हतं. सासूबाईंनी शिट्टी उचलली, पदराला पुसली, धाकट्या सुनेकडे पाहिलं, आणि वरच्या खिडकीकडेही एक नजर टाकली. काका ती पुन्हा उघडत होते.

"पुट टुगेदर!" सासूबाई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत. आणि आम्ही सगळ्या, माझ्या गुडघ्यांसकट, आत धावलो.